भाताचं भूत

होडी वाळूवर ओढलेली आणि तिच्या सावलीत देवजी आडवा. घामानं निथळलेला, हात थरथरतायत, तोंडानं असंबद्ध बडबड. भोवती डहाणूची अर्धी आळी जमलेली. मधोमध अच्छाडहून आलेले महाराज तांब्या उंचावून गरजत होते, "भाताचा दाणा म्हणजे भुताचा दात! निघ, भाताच्या भुता, निघ!"

त्यांनी तीर्थ पाजलं. थोड्या वेळानं देवजी उठून बसला. एकच जयजयकार! नारळ फुटले.

देवजीच्या बायकोचा, मैनेचा, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याला मधुमेह. डॉक्टर साव्यांनी नव्यानंच निघालेल्या गोळ्या दिल्या होत्या. महाराजांनी भात, भाकरी, गूळ सगळं तोडून त्याला नुसत्या मासळीवर ठेवलं. वर मोठ्या मनानं म्हणाले, "गोळ्या चालूच ठेव हां. देवीचा डॉक्टरवर राग नाही!" तेव्हापासून हे झटके सुरू झाले होते. एखादा भर समुद्रात आला तर?

नवऱ्याचे ओठ पुसताना तिची बोटं चिकट झाली. तिनं ती चाखली.

"महाराज, तीर्थात काय असतं?"

"मंत्र, माई."

"मंत्र गोड लागतो?"

बायका फिसकन हसल्या. महाराजांनी डोळे वटारले.

मैना तडक दवाखान्यात गेली.

"भात सोडला आणि गोळ्या तेवढ्याच?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अगं, गोळी रक्तातली साखर उतरवते. जेवणातून साखर येईना, मग ती इतकी उतरते की मेंदूला पुरत नाही. म्हणून घाम, थरथर, बडबड. साखर पोटात गेली की माणूस सावरतो. गोळी थांबव आणि त्याला लगेच घेऊन ये. तोवर साखर जवळ ठेव."

देवजी ऐकतोय कसला! सकाळी गोळी गिळून किनाऱ्यावर गेला आणि जाळं ओढता ओढता कोसळला.

"महाराजांना बोलवा!" ओरडा झाला. ते तांब्या घेऊन पोचेपर्यंत मैनेनं सगळ्यांदेखत पदराला बांधून आणलेली चहाची साखर पाण्यात ढवळली होती. "गिळता येतंय ना? मग घ्या." देवजीनं घोट घोट घेतला. हळूहळू थरथर थांबली. "काय झालं गं मला?" त्यानं विचारलं.

"माझा मंत्र दुरूनच लागला!" महाराज धापा टाकत म्हणाले.

"मग तांब्या कशाला आणलात?" मैनेनं तो हिसकावून शेजारच्या नारूला दिला. "चाख."

नारूनं जीभ लावली. "पाक आहे हो! जिलबीचा पाक!"

हशा ओसरला तेव्हा महाराज वाळूवर नव्हते.

देवजी मात्र हसला नाही. समुद्राकडे बघत पुटपुटला, "तिकडे असतो तर?"

मग तो स्वतःच दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, "भात कमी केलास, त्यात पाप नाही. मला सांगितलं असतंस तर गोळीही कमी केली असती."

लोकहो, खाणं बदलायचं तर आधी डॉक्टरला सांगा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. मैनेनं विचारला, म्हणून तिचा देवजी आज आहे.