आमच्या बादलीतलं पाणी

एकाच जुन्या पंच्याचे तीन तुकडे, आणि तिन्हींवर सारखीच हळदतेलाची फोडणी, चहा नि धारवाडची तांबडी माती. कोप्पीकर रोडवरच्या आपल्या दुकानामागं प्रभंजननं तीन बादल्या मांडल्या. दोन बादल्यांत जाहिरातीत नाचणाऱ्या कंपन्यांच्या धुण्याच्या पावडरी, तिसरीत माझ्या सुनेनं, मेधानं, नवनगरच्या घरी कालवलेली. कंपन्यांपेक्षा कमी धुतलं तर फळीवर जागा नाही, असं त्यानं आधीच बजावलं होतं.

जागा मिळाली नाही तर मेधा बेंगळूरूची नोकरी घेणार होती. माझा मुलगा साकेत तिच्यामागं जाणार, नात त्यांच्यामागं, आणि घरात उरणार मी नि टीव्ही. स्पष्टच सांगते, मला पावडरीचं काही कौतुक नव्हतं. मला घर भरलेलं हवं होतं.

प्रभंजननं कंपन्यांच्या बादल्यांत हात घातले. "आमचं मी धुते," मेधा घाईनं म्हणाली. का, ते मला ठाऊक होतं. घरी करून बघताना फोडणीचा डाग हटता हटत नव्हता, म्हणून सकाळी तिनं धुण्याचा सोडा मापाबाहेर ओतला होता. मी दारातच उभी होते. एरवी आमटीत मीठ जरा जास्त पडलं तरी तोंड सोडणारी मी, तेव्हा मूग गिळून बसले.

पाण्यात पडताच हळद कुंकवासारखी लाल झाली. मेधा ओठ घट्ट मिटून चोळत राहिली. तुकडे उन्हात वाळेपर्यंत तिनं हात ओढणीत गुंडाळून ठेवले.

मग प्रभंजननं तुकडे शेजारी शेजारी धरले. एकावर पिवळी कड राहिली होती, दुसऱ्यावर मातीचा ठसा. आमचा पांढराशुभ्र.

"छलो आत नोड्री, झकास झालं बघा," तो खुशीत म्हणाला. "वहिनी, उद्यापासून पुढच्या फळीवर तुमचाच माल."

देवच पावला म्हणायचा. मी निघायला उठलेसुद्धा.

तेवढ्यात आतून त्याची आई आली, इंदुमतीअक्का. दुकानात काय ठेवायचं ते शेवटी त्याच ठरवत. "थांब की जरा," त्या म्हणाल्या. "आपलं गिऱ्हाईक हातानं धुतंय. मी आणखी एक तुकडा धुवून बघते, मग काय ते ठरवू."

बांगड्या कोपराकडं सारून त्या आमच्या बादलीशी बसल्या. त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, आतलं लाल मांस दिसत होतं. एकच तर तुकडा, मी मनाला समजावत होते, एकदाच तर.

"बेडरी, अक्का." मेधानं त्यांचं मनगट धरलं. "हात घालू नका. सोडा फार झालाय. मीच घातलाय."

तिचे तळवे सोलल्यासारखे लालबुंद होते. प्रभंजननं पांढरा तुकडा खाली ठेवला. अक्कांनी नळ सोडला, मेधाचे हात त्याखाली धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग माझ्याकडं वळल्या.

"शकुंतला, तुला ठाऊक होतं काय गं?"

मेधा माझ्याकडंच बघत होती.

"हो," मी म्हणाले.

परतताना बसमध्ये तिनं हात मांडीवर उताणे ठेवले होते. मी तिकिटं काढली. माफीचे शब्द जुळवत होते, पण सवय नसली की तेही जुळत नाहीत. विद्यानगर मागं पडल्यावर तीच बोलली.

"माझ्या हातांचं एक असू दे, आई. अक्कांनाही हात घालू देणार होतात तुम्ही?"

"तुम्ही सगळी जाल म्हणून," मी म्हणाले. "मी एकटी पडले असते गं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "बेंगळूरूला दोन खोल्यांचं घर बघितलंय आम्ही. त्यातली एक तुमची, असं मी ह्यांना सांगून ठेवलं होतं."

"आणि आता?"

नवनगर आलं, तशी ती माझ्याआधी उतरली.