चाळीसचे चाळीस

मी निशात, पोंभुर्ण्याच्या बशीर टेलरची मोठी पोरगी. राग माझ्या नाकावरच बसून असते, हे आधीच सांगून ठेवते. पुढचा सारा घोळ त्याच्यानंच झाला.

पर्यावरणशास्त्राची एमएस्सी करून राह्यली, तेबी संशोधनाची. म्हणजे पेपर-बिपर नाई, एकच काम आन् शेवटी त्याचा प्रबंध. माझं काम ऐकाले सोपं. मोहाच्या झाडाखाली पावसाळ्यात उगवलेली चाळीस रोपं निवडाची, प्रत्येकाजवळ पत्र्याचा नंबर रोवाचा, आन् दर महिन्याले जाऊन पाहाचं, किती जगली, किती मेली, किती वाढली. पाणी टाकाचं नाई, वाचवाचं नाई, फक्त मोजाचं. जंगलात म्हातारे मोह मस्त आहेत, पण तरणा मोह काऊन दिसत नाई, हा माझा प्रश्न. पहिल्या वर्षीची माझी रोपं वणव्यात जळाली. विद्यापीठानं एक वर्ष वाढवून दिलं आन् लिहून कळवलं, आता यानंतर नाई. म्हणजे ही चाळीस रोपं हीच माझी डिग्री.

झाडं जंगलाजवळच्या गावातल्या बायनाबाईची. जंगल सरकारचं असलं तरी कोणत्या मोहाखाली कोणाच्या घरानं फुलं वेचाची, हे गावात आजा-पणजापासून ठरलेलं असते. फुलं गळाच्या आधी लोक झाडाखालचा पाला जाळतात, जमीन साफ असली की फूल दिसते. मी हात जोडले, तं बायनाबाईनं यंदा पाला जाळला नाई. पन्नाशी उलटलेली बाई, चार झाडांखालचा पाला खराट्यानं झाडते म्हणाली. कोणासाठी? माझ्यासाठी.

डिसेंबरात गेली तं नऊ रोपांनी माना टाकलेल्या. मेलेलं रोपबी आकडाच असते, हे मले का माहीत नाई? पण त्याच दिवशी सकाळी आमच्या गाईड सरांनी फोनवर झापलं होतं. "अशीच मरत राहिली तर वाढ कशाची मोजणार?" माझं डोकं सणकलं. मी वही फेकली आन् ओरडली, "मरा सारे! तुमच्यासंग मीबी मेली! सर आता मले नापासच करते!"

बायनाबाई तिथीच काड्या वेचत होती. तिनं मले घरी नेऊन काळा चहा पाजला आन् पाठीवर हात फिरवला.

जानेवारीत चाळीसचे चाळीस उभे! मी तं नाचलीच. फेब्रुवारीत चाळीस, मार्चात चाळीस, एप्रिलच्या उन्हातबी चाळीस. सर खुश. "पाला न जाळता नुसता झाडला, की एकही रोप मरत नाही. काय निष्कर्ष आहे, निशात!" आता एक गोष्ट मले खटकाले पाहिजे होती. चौदा नंबर डिसेंबरात एकवीस सेंटीमीटर होता, जानेवारीत सतरा. मी वहीत लिहिलं, शेळीनं शेंडा खाल्ला. असे नऊच्या नऊ शेंडे त्या शेळीनं खाल्ले, आन् माझी अक्कल कुठी चराले गेली होती, अल्ला जाणे.

मी नेहमी महिन्याच्या पहिल्या रविवारी जाते. मे महिन्यात सरांना फोटो पाहिजे होते म्हणून दोन दिवस आधी गेली. पाह्यते तं बायनाबाई झाडाखाली बसून सब्बलनं खड्डा करून राह्यली. बाजूले मातीच्या ढेकळासकट एक हिरवं रोप. आन् चौदा नंबरचा पत्रा तिच्या दातात.

"हे काय करून राह्यल्या, बायनाबाई?"

तिनं पत्रा हातात घेतला. चोरी पकडल्यावाणी नाई, स्वयंपाक व्हाच्या आधी पाहुणा आल्यावाणी तिचं तोंड झालं. "आज कशी आली, पोरी? अजून दोन दिवस बाकी आहेत ना. मेलेलं काढतो, जित्तं लावतो. तूच म्हणत होती, सर नापास करते."

"किती लावले असे?"

"मी काय लिहून ठेवतो का? लिहाचं काम तुझं. एकेका जागी तीन-तीनदाबी लावले. जगतच नाई ना."

राग तं आला. काढू कोणावर? एवढंच विचारलं, "आणले कुठून?"

ती मले नाल्यावर घेऊन गेली. थंड सावली, ओल. आन् जिकडे पाहावं तिकडे खड्डेच खड्डे, काईंमधी पाला भरलेला, काई ताजे.

"इथी लई होते," ती म्हणाली. "बोटभर, वीतभर. गेल्या दोन-तीन सालचेबी होते."

मी एका खड्ड्याजवळ बसली. तरणा मोह कुठी जगते, हे मी दोन वर्षं उन्हातान्हात शोधत होती. तो इथी जगत होता, माझ्या झाडांपासून हाकेवर, आन् माझ्या आकड्यासाठी एकेक करून उपटला गेला. खरं लिहिलं तं डिग्री गेली. खोटं लिहिलं तं माझा प्रबंध वाचून कोणी उद्या म्हणन, मोहाले काई धोका नाई. आन् काईबी लिहिलं तरी हे खड्डे भरणार नव्हते. मले रडू फुटलं.

बायनाबाई घाबरली. माझ्यापुढं उकिडवी बसली, मातीनं भरलेले हात जोडले.

"रागावू नको, पोरी. यापुढं मेले तं मी काई नाई करू शकत. इथले संपले. हे शेवटचं होतं." मग हळूच म्हणाली, "पण पास होशील ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू? तिनं चौदा नंबरचा पत्रा पदरानं पुसला आन् माझ्या हातात दिला.