गाळलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना स्टरर आहे. बेळगावच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या ओट्यावर माझी जागा. माझ्या पोटात लोहचुंबक फिरतं, आणि वर ठेवलेल्या चंचुपात्रातली छोटी कांडी गरगरत द्रावण ढवळते. नवा आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं होतं!

कौतुक करणाऱ्या दोघी संशोधक. येळ्ळूर गावची भैरवी, आणि तिच्याहून लहान, शहरातली निवेदिता. शिळ्या उसाचा रस चिकट होतो, त्याची साखर नीट धरत नाही. ती चिकटी तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पण ते महाग, आणि रसाबरोबर वाहून जाणारं. भैरवीला ते कोंडून ठेवायचं होतं, असंख्य बारीक छिद्रांच्या, पिंजऱ्यासारख्या पुडीत. अशी पूड बरेच जण जहाल द्रावकांत, तापवून करत. त्यात बिचारं विकर मरायचं. भैरवीचा हट्ट एकच, नुसत्या पाण्यात करायची.

मिसळणी भैरवीच्या हातची, रसाच्या चाचण्या निवेदिताच्या, आणि मी महिनोन्महिने फिरत राहिलो. कधी नुसता गाळ बसायचा, कधी काहीच व्हायचं नाही. एका दुपारी मात्र पाणी हळूहळू दुधाळलं. ती पांढरी पूड त्यांनी संकेश्वरच्या साखर कारखान्यातून आणलेल्या रसात टाकली. चिकटी गेली! पूड गाळून, धुऊन पुन्हा वापरली, तरी गेली.

“आक्का, जमलं गं!” निवेदिता भैरवीच्या गळ्यातच पडली.

मग भैरवीच्या आईचं ऑपरेशन निघालं. “तू आईकडं बघ, हितलं मी बघते,” निवेदिता म्हणाली. भैरवी परतली तेव्हा विभागप्रमुख नागेंद्र सरांकडून कळलं, निवेदितानं बेंगळुरूच्या परिषदेत ते काम एकटीचं म्हणून मांडलं होतं. तिथल्या मोठ्या संस्थेनं तिला घेतलंही होतं.

ती सामान न्यायला आली, तेव्हा भैरवीनं विचारलं, “माझं नाव कुठं गेलं गं?”

“तू नव्हतीस की हितं. थांबले असते तर संधी गेली असती.”

“दवाखान्यात बसलेली मी. तूच म्हणालीस न्हवं, मी बघते म्हणून?”

निवेदिता खाली बघून पिशवी भरत राहिली.

पुढल्या वर्षी ती तिकडच्या चार शास्त्रज्ञांना घेऊन आली. त्यांच्याकडे पूड जमत होती, पण आतलं विकर काम करत नव्हतं.

“आक्का, तू काय वेगळं करतीस, सांग की.”

“सांगते. आधी ह्यांच्यासमोर सांग, हे काम कुणाचं.”

माझ्यावरची कांडी काचेवर टकटक करत होती. निवेदितानं घड्याळाकडं बघितलं, “उशीर होतोय” म्हणाली, आणि सगळ्यांना घेऊन निघून गेली.

आता माझं बटण सैल झालंय, अंगावर डाग पडलेत. भैरवी अजून माझ्यावरच काम करते. नव्या मुलींना जीव लावून शिकवते. पण पाणी दुधाळायची वेळ आली की म्हणते, “जरा बाहेर थांबा गं पोरींनो,” आणि आतून कडी लावते. ती पूर्वी अशी नव्हती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसून ठेवा, हे तर सांगतोच. पण तुमच्यासोबत राबणाऱ्याचं नाव त्याहून जपा. ते एकदा गाळलंत, तर पुढं येणाऱ्या कितीतरी निरपराध पोरी दाराबाहेर उभ्या राहतात.