दोन ग्रॅमचं वजन

लुंबिनीने चिमट्याने दोन ग्रॅमचं पितळी वजन उचललं आणि डिजिटल काट्यावर ठेवलं. आकडे थरथरले आणि थांबले. २.००.

"बरोबर दाखवतोय," ती म्हणाली.

"वजनाला बरोबरच दाखवनार," दयानंद म्हणाला. "आता सुई ठेवा."

उदगीरच्या बसस्टँडमागचं त्याचं दुकान उघड्या मिक्सरांनी आणि पंख्यांनी भरलेलं होतं. मधल्या टेबलावर थोडी जागा करून त्याने बाबांचा रेकॉर्ड प्लेअर ठेवला होता. शेजारी दोन काटे. एक बाबांनी स्वतः केलेला, फूटपट्टीच्या लाकडाचा, मधे दाढीच्या पात्याच्या धारेवर तोललेला. दुसरा लुंबिनीने चार वर्षांपूर्वी नांदेडहून पाठवलेला, चकचकीत पोलादी. सोबत वजनांची पेटी. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून बाबा निवृत्त झाले, तेव्हा शिक्षकांनी ती त्यांना भेट दिली होती.

बाबा गेले, त्यांचं पुण्यानुमोदन उद्या होतं. वंदना झाली की आईच्या गायन पार्टीची तबकडी लावायची, हे त्यांनी फार आधी सांगून ठेवलं होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज त्या एका तबकडीतच उरला होता. प्लेअर घरातून हलवताना सुईच्या दांडीमागचा गोळा फिरला आणि सुईचा भार बिघडला. तो पुन्हा लावायचा, तर कोणत्या काट्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच विचारायला ती आली होती.

दयानंदने सुई डिजिटल काट्यावर टेकवली आणि आकडा २.०० होईपर्यंत मागचा गोळा फिरवला. मग तीच सुई अलगद उचलून लाकडी काट्याच्या एका टोकावर ठेवली. दुसऱ्या टोकावर लुंबिनीने पितळी वजन ठेवलं. वजनाची बाजू खाली गेली.

"काढा ते. एक ग्रॅमचं ठेवा. अन् वर दोनशे मिलीग्रॅमचा पत्रा."

तिने पत्रा बोटाने उचलायला हात नेला आणि मागे घेतला. चिमटा घेतला.

दयानंद हसला. शाळेत सगळी मुलं बाबांना मामाच म्हणायची. "मामांनी ह्याच चिमट्यानं माझ्या बोटावर हानलंय, नववीत. घाम लागला की वजन खोटं बोलतं म्हने."

फूटपट्टी आडवी झाली आणि तशीच राहिली. एक ग्रॅम दोनशे.

"मग हा दोन कसे दाखवतो?"

दयानंदने लोहचुंबक उचलून पोलादी काट्याच्या अंगाला लावला. टक् करून चिकटला. "सुईच्या डोक्यात चुंबक असतोय, ताई. काट्याचं अंग पोलादी. ते सुईला वढून घेतं, मग आकडा वाढतो. पितळी वजनाला ते काय वढनार? म्हनून तपासाल तवा खराच."

"पण सुई हलकी राहिली, तर तबकडीला त्रास कमीच ना?"

"तिथंच मानूस फसतो. जड सुई झिजवती, पन हळूहळू. हलकी खाचेत बसतच न्हाई. उड्या मारती अन् काठ फोडून टाकती."

लुंबिनीने वजनं एकेक करून पेटीत ठेवली. दोन ग्रॅमचं तेवढं टेबलावर राहिलं.

"बाबांना हे कळलं नसेल," ती म्हणाली. "शेवटपर्यंत माझाच काटा वापरायचे. मी यायचे तेव्हा माझ्यासमोरच लावायचे."

चष्मा चढवून ते आकडा मोठ्याने वाचायचे आणि तिच्याकडे बघायचे. ती मोबाइलवरून मान वर करून छान म्हणायची. मग आईचं गाणं व्हायचं, एकच. मग तिची चारची बस असायची.

दयानंद स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला.

"कळलं व्हतं. काटा आला त्याच महिन्यात मी दाखवलं व्हतं त्यांना, असंच."

"मग?"

"म्हनले, पोरीनं पाठवलाय. ती आली की ह्याच्यावरच लावनार. एरवी आपला लाकडी हायच."

बाहेर अहमदपूरच्या गाडीचा कंडक्टर गावांची नावं ओरडत होता.

"तबकडी बघता?" तिने पिशवीतून ती काढली. "खाचा किती फुटल्यात ते सांगा. उद्या माणसं येतील."

दयानंदने दोन्ही तळव्यांनी कडा धरून तबकडी दारातल्या उन्हात तिरकी केली. बराच वेळ फिरवून पाहिली. त्याचा चेहरा मोकळा झाला.

"काय झालं न्हाई, ताई. मी उगंच भीत व्हतो. त्या काट्यावर लई कमी वाजलीय. चार वर्षांत पाच-सहा बार, बस."

"पाच," लुंबिनी म्हणाली.

त्याने लाकडी काट्यावर सुई दोन ग्रॅमला लावली आणि तबकडी सुरू केली. आधी ढोलकी, मग आईचा आवाज. लुंबिनी पुढे झुकून ऐकू लागली. वरच्या सुरात, शब्दांतल्या ‘स’च्या उच्चारावर, कुठेतरी खरखर होईल म्हणून ती वाट पाहत राहिली. दुसरं कडवं आलं आणि गेलं. आईने श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. गाणं स्वच्छ संपलं.

"नशीब बघा," दयानंद म्हणाला.

लुंबिनीने मान हलवली. दोन ग्रॅमचं वजन अजून टेबलावरच होतं. चिमटा हाताशी होता. तिने ते बोटांनीच उचललं आणि मुठीत घट्ट धरून बसली.