गळालेले इशारे

बाभुळगावजवळच्या तांड्यावरून पल्लवी राठोड एका कंपनीचं काम करायची. कापसाच्या जिनिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी माहितीपुस्तिका वेबपानांवर आणायला तिनं एक 'क्लास', म्हणजे प्रोग्रामचा एक भाग, लिहिला. तो फाइलमधल्या खुणा ओळखून त्यांचा मजकूर पानावर मांडायचा. 'इशारा' ही खूण त्यात घालायची राहिली आणि सगळे इशारेच गळाले.

हे सॉफ्टवेअर वापरणारे मारेगावचे जिनिंगवाले बोबडेशेठ फोनवर म्हणाले, "आता बरं वाटते पोरी. पहिले वाचतानाच भेव वाटे."

पल्लवीनं पानं तपासली, तेव्हा इशारे गळाल्याचं तिला कळलं. तिनं चूक लगेच सुधारली.

शेठचा पुन्हा फोन आला. "चांगलं होतं, काहून बिघडवलं?"

कंपनीतले साहेब म्हणाले, "जुनाच क्लास लावा."

पल्लवीनं ऐकलं नाही. तिनं इशारे तसेच ठेवून त्यांचं शीर्षक बदललं : 'मालकांसाठी खास'.

शेठनं सगळे इशारे वाचून काढले.