शुक्रवारची परात

पर्यावरण तज्ज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं, मी झाडं मोजत फिरते. झाडंही मोजते. पण नवी ट्राम आखली जात असते तेव्हा माझं खरं काम वेगळंच असतं. ती जिथून जाणार तिथल्या माणसांचं काय होईल ते आधी शोधायचं, त्यांना विचारायचं आणि त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं अहवालात घालायचं. कर्ज देणारी बँक माझ्या सहीशिवाय पैसे सोडत नाही. म्हणून मला पगार मिळतो, आणि म्हणूनच आमचे प्रकल्पप्रमुख सी अब्देलइलाह (‘सी’ म्हणजे श्रीयुत) माझं तोंड दिसलं की कपाळाला आठ्या घालतात.

दर्ब स्मारा ही वस्ती आखलेल्या रुळांच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. मधे दोन्ही बाजूंनी उंच कुंपण घालायचं ठरलेलं, आणि ओलांडायची जागा कुठे, तर पार टोकाला दवाखान्यापाशी. पोरं एवढा वळसा घालून शाळेत जातील असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात पोर बघितलेलं नाही. ती कुंपणावर चढणार आणि पलीकडे उड्या टाकणार. त्यात वस्तीतल्या रकियाची मुलगी तूरिया, आठ वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी. ट्रामवाल्याने कितीही घंटा बडवली तरी तिला काय ऐकू येणार? शाळेसमोर एक फाटक आणि लाल दिवा, एवढंच मी मागत होते. सी अब्देलइलाहांचं म्हणणं असं, की तिथे ट्राम हळू करावी लागेल आणि वेळापत्रक बिघडेल.

नियमाप्रमाणे जनसुनावणी घ्यावीच लागते. ती त्यांनी ठेवली शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर लगेच. आता मला सांगा, मोरोक्कोत त्या वेळेला कोण घराबाहेर पडतं? घराघरात कुसकुसची, म्हणजे वाफवलेल्या रव्याची, परात मधे ठेवून अख्खं खटलं भोवती बसलेलं असतं. मी भांडले तर म्हणाले, अगं, सुट्टीच्या वेळेलाच तर लोक मोकळे असतात. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढायचा आणि खाली ‘कोणाचीही हरकत नाही’ असं लिहायचं, हा डाव न कळायला मी काही काल जन्मले नव्हते.

पण साहेब एक गोष्ट विसरले. शुक्रवारी दुपारी गल्लीत पाहुणा आला आणि उपाशी बसला, तर ती गल्ली कोणाला तोंड दाखवणार? सुनावणीसाठी घेतलेल्या शाळेच्या ओसाड खोलीत आम्हाला बसलेलं बघितलं आणि रकिया आली. डोक्यावर कापडाने झाकलेली परात, मागे चार बायका ताकाचे तांबे घेऊन. भोपळा, सलगम, चणे, वर मटण. आमच्याभोवती बसल्या आणि जेवता जेवता सगळं बोलल्या. रकियाने तूरियाला पुढे ओढून तिच्या कानामागे टाळी वाजवून दाखवली. पोरगी हलली नाही. सी अब्देलइलाह हाताने कुसकुसचे लाडू वळून वळून खात होते, मान डोलवत होते, ‘बरोबर आहे, बरोबर आहे’ म्हणत होते. मला वाटलं, माणूस आहे शेवटी, खाल्ल्या मिठाला जागेल.

कसला जागतोय! साहेबांनी परस्पर लिहिलेला सुनावणीचा अहवाल हातात आला तेव्हा मी वाचतच राहिले. ‘स्थानिक महिलांनी पारंपरिक भोजन देऊन प्रकल्पाचे स्वागत केले.’ शेजारी परातीचा फोटो. फाटकाबद्दल अवाक्षर नाही. बायकांचं पोटातलं बोलणं त्यांनी मटणाबरोबर गिळून टाकलं होतं. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बँकेची माणसं येऊन जाऊ देत, मग तुझं बघतो.

त्या संध्याकाळी मी रकियाकडे गेले आणि तिला ते वाक्य वाचून दाखवलं. लाजेने मला तिच्याकडे बघवेना. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त विचारलं, बँकेची माणसं कधी येणार? म्हटलं, शुक्रवारी. ‘स्वागत’ दाखवायला साहेबांनी मुद्दाम तोच वार धरला होता.

बँकेकडून आल्या एक उंच, पिकल्या केसांच्या बाई आणि त्यांचा सहकारी. दुभाषी मी. जेवढं विचारतील तेवढंच बोल, असं साहेबांनी गाडीतच बजावलं होतं. रकियाच्या घरी आम्हाला गादीवर बसवलं, हातांवर पाणी घातलं. कापड घातलेली मोठी परात मधे आली. सी अब्देलइलाहांनी हसून पाहुण्यांना सांगितलं, बघा, ही आमची माणसं. मग बिस्मिल्ला म्हणून त्यांनीच कापड उचललं.

परात रिकामी होती. घासून लख्ख केलेली, रिकामी.

आमच्याकडे पाहुण्यापुढे रिकामी परात ठेवणं म्हणजे काय, ते परक्या बाईंनाही आमच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं. साहेबांचे कान लाल झाले. रकिया माझ्याकडे वळली.

“ताई, यांना सांग. मागच्या खेपेला आम्ही आधी वाढलं आणि मग बोललो. यांनी जेवण लिहिलं, बोलणं लिहिलं नाही. म्हणून आज आधी बोलणं.”

मी शब्दन् शब्द सांगितला. साहेब मधे बोलायला लागले तेव्हा मी आवाज चढवला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. बाईंनी नकाशा मागितला, परातीतच पसरला, शाळा कुठे ते विचारलं. रकियाने बोट ठेवलं, आणि फाटकाचं, तूरियाच्या कानांचं सगळं सांगितलं. बाईंनी तूरियाला खुणेने जवळ बोलावून शेजारी बसवलं. मग पेन काढून शाळेसमोर फाटक आखलं, बाजूला सही केली आणि साहेबांना सांगितलं, हे नकाशात आल्याशिवाय पुढचा हप्ता येणार नाही.

रकियाने नकाशा उचलून माझ्या हातात दिला. आतून दुसरी परात आली, वाफाळती, काठोकाठ भरलेली. बाईंपुढे चमचा ठेवला, त्यांच्या सहकाऱ्यापुढे ठेवला, मला जवळ सरकायला सांगितलं. सी अब्देलइलाहांनी बाह्या सारून हात पुढे केला. रकियाने त्यांच्यासमोरून परात अलगद फिरवून आमच्याकडे ओढली.

“तुमचं मागच्या खेपेलाच झालंय, साहेब,” ती म्हणाली, आणि तांब्यातलं ताक त्यांच्यापुढे ठेवलं.