लाखामागं किती

"टेक्सासात न्हाई द्यायची, बबनराव. ओहायोत द्या डोळे झाकून!" चऱ्होलीतल्या बंगल्याच्या ओट्यावर सकाळीच सोपानराव मोबाइल नाचवत होते. "खून, दरोडं, मारामाऱ्या लाख मान्सांमागं किती, त्ये बघायचं. गुंठ्याचा भाव काढतो ना, तसाच हिशेब."

बबनरावांच्या मुलीला अमेरिकेतली दोन स्थळं सांगून आली होती, म्हणून ते सल्ल्याला आले होते. चहा घेऊन आलेल्या शालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जमीन बिल्डरला दिल्यापासून नवऱ्याला अक्कलही गुंठ्यावर मोजून मिळालीय, असं त्यांचं मत होतं. पुण्यापलीकडे कधी एकटा गेला नाही आणि अमेरिकेतली राज्यं जोखतोय! पूर्वी लेक द्यायची तर बाप त्या गावी जायचा, पारावर बसून मुलाची चालचलणूक विचारायचा. स्वतःच्या लेकीच्या, तेजस्विनीच्या वेळी यांनी तेवढंही केलं नाही. ओहायोचा आकडा लहान, म्हणून ओहायोचा जावई. वर साखरपुड्यात तो आकडा माइकवर वाचून दाखवला. लाज म्हणून नाही.

बबनराव समाधानाने गेले आणि शालनबाईंच्या फोनवर तेजस्विनीचा व्हिडिओ कॉल आला. तिचा ओठ फाटला होता.

"आई, निरंजनने परत मारलं गं. बाथरूमची कडी लावून बसलेय. पोलिसांना फोन करू का?"

"परत? परत म्हंजी?"

"मागच्या वेळी पप्पांना सांगितलं होतं मी."

शालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"नवराबायकोत व्हतंच की," सोपानराव पुटपुटले आणि फोनवर वाकले. "तेजू, पोलिसात जायचं न्हाई. त्याची नोकरी जाईल. गावात आमी तोंड कुठं दाखवायचं?"

"व्हय का!" शालनबाई उसळल्या. "असं बाप असल्यावर आकडा ल्हानच ऱ्हानार. पोरीचं तोंड दाबलं, की मोजायला उरलंच काय! आन् समदं ठावं असून आत्ता बबनरावांना ओहायोच सांगितलंत? त्यांची बी पोरगीच हाय ना?"

सोपानरावांनी कप उचलून तोंडाला लावला. बायकोला तो माणूस त्या क्षणी किळसवाणा वाटला.

"तेजू, कर फोन. त्याची नोकरी गेली तर जाऊ दे. तुझं घर हितं हाय, मी हाय."

"मग हा कॉल ठेवावा लागेल, आई."

"ठेव."

शालनबाई पायरीवर बसून राहिल्या. फोन त्यांनी मांडीवरच ठेवला होता. बऱ्याच वेळाने फोन वाजला. पलीकडे कुणी बाई, बहुधा पोलीस, शांतपणे इंग्रजीत बोलत होती. शालनबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण तिच्या मागे तेजस्विनी रडत होती, आणि आता आवाज न दाबता रडत होती.

"आण हिकडं, मी बोलतो," सोपानरावांनी हात पुढे केला.

शालनबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.